आईच्या गल्लीसमोरचा झेब्रा

आधीच सांगून टाकते, कारण अजूनही लोक गालातल्या गालात हसत मला विचारतात: नाही, मी मुद्दाम नाही केलं. बावीस वर्षं रस्त्यावर पट्टे मारतेय मी. झेब्रे, बाण, थांबरेषा, शाळेपुढची 'हळू' ही अक्षरं, सगळं. हाताखाली सहा माणसं, रंग वितळवायची एक भट्टी आणि मोजायचं एक चाक. आमच्या अख्ख्या उपनगरात माझ्या हातची एक रेघ वाकडी दाखवा, नाव बदलून टाकेन. आणि असल्या बाईच्या हातून सबंध झेब्रा चारशे मीटर भलतीकडे पडला, तोही नेमका स्वतःच्या आईच्या गल्लीसमोर. यावर कोण विश्वास ठेवणार? मीही ठेवला नसता.

आईचं घर रस्त्याच्या अलीकडे, मावशीचं पलीकडे. मधे बत्तीस पावलं. रस्ता लहान होता तेव्हा या दोघी बहिणी दिवसातून चारदा एकमेकींकडे जायच्या. सुईत दोरा ओवून घ्यायला, राहिलेला डबा द्यायला, भांडायला, आणि भांडण अर्धवट राहिलं म्हणून परत. अकरा वर्षांपूर्वी रस्ता रुंद झाला, सहा रांगांनी गाड्या धावायला लागल्या आणि मधोमध छातीएवढा लोखंडी कठडा आला. तेव्हापासून समोरच्या घरी जायचं म्हणजे वरच्या पुलापर्यंत जाऊन उलटं यायचं. साडेतीन किलोमीटर, आणि फुटपाथचा पत्ता नाही. म्हणजे गाडी लागते. गाडी म्हटली की माझा नवरा लागतो, आणि जावयाकडे काही मागणं आईच्या तत्त्वात बसत नाही.

मग दोघी आपापल्या खिडकीत बसतात आणि एकमेकींकडे बघत फोनवर बोलतात. "ताई, तो हिरवा दिवा बदल गं, माझ्या डोळ्यांत जातो," मावशी फोनवर ओरडते आणि आई खिडकीतून हात झटकते. प्रत्यक्ष भेट वर्षातून चारदा. आई शहात्तर, मावशी एकाहत्तर. आणखी किती भेटी उरल्या, ते मी एकदा काम करता करता मोजलं आणि त्या दिवशी कुणाशी धड बोलले नाही. आकडा फार लहान आला होता हो.

म्हणून प्रयोगाची बातमी आली तेव्हा मी भर कचेरीत नाचले. खोटं नाही, भट्टीवाल्याला विचारा. काय होतं ना, आमचं उपनगर बांधलंयच गाडीवाल्यांसाठी. दूध आणायला गाडी, पोरांना पोहायला न्यायला गाडी, आणि पाय मोकळे करायचे तर बागेपर्यंतसुद्धा गाडी! आता वरच्यांना उपरती झाली होती. रस्त्याच्या दोन्ही कडांची एकेक रांग गाड्यांकडून काढून सायकलींना आणि चालणाऱ्यांना द्यायची, एका जागी कठडा कापायचा, तिथं झेब्रा मारायचा, चाकांवरचा सिग्नल उभा करायचा आणि महिनाभर बघायचं.

आराखडा घेऊन आली ती इंजिनिअर मॅडम. तिशीतली, स्वतः सायकलवरून यायची, पॅन्टच्या पायाला चिमटा लावलेला असायचा. तिचा हा पहिलाच रस्ता. मी आराखडा पसरला आणि माझा चेहराच पडला. झेब्रा सहाशे चाळीस मीटरवर, मोठ्या दुकानांच्या पार्किंगच्या फाटकासमोर.

"मॅडम, तिथं चालत कोण येतं? गाडीतून उतरतात, पिशव्या भरतात, गाडीत बसतात. चारशे मीटर वर सरकवा. तिथं दोन्ही बाजूंनी गल्ल्या येतात, पलीकडे शाळा आहे, मैदान आहे, दवाखाना आहे."

"मलाही तेच वाटतं हो मुकादमबाई," ती म्हणाली, "पण आराखडा मंजूर झालाय. आता एक रेघ हलवायची तर सहा सह्या."

आईचा गुडघा तिला गल्लीच्या तोंडापर्यंत नेतो, तिथून पुढे रुसतो. खाली चारशे आणि पलीकडून वर चारशे तिच्याच्यानं होणार नव्हतं. आईकडे जाऊन तिला सांगितलं, तर ती माझ्यावरच डाफरली. मुख्याध्यापिका होती ती, गणित शिकवायची. "माझ्या गुडघ्यासाठी सरकारी रेघ हलवायची नाही. आराखड्यात आहे तिथंच मार." झालं. विषय संपला.

आता ती चूक कशी झाली ते ऐका. आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. रस्त्याकडेचे दगड लोक उपटून नेतात, खांब बदलतात, म्हणून प्रत्येक रस्त्यावर आम्ही आमचं एक शून्य ठेवतो. गटाराचं एक लोखंडी झाकण निवडायचं आणि त्यावर लाल ठिपका द्यायचा. पुढची सगळी मोजणी तिथून. एवढं वजनदार झाकण कोण हलवणार? पण महिन्यापूर्वी गटार साफ करणारे आले, त्यांनी सगळी झाकणं काढून एकावर एक रचली आणि काम झाल्यावर हाताला येतील तशी बसवून टाकली. आमचं लाल ठिपक्याचं झाकण चारशे मीटर पुढच्या भोकावर जाऊन बसलं. त्यांना काय माहीत तो ठिपका म्हणजे आमचं शून्य आहे म्हणून!

रविवारी पहाटे पाचला रस्ता बंद केला. बॅटरीच्या उजेडात लाल ठिपका शोधला आणि चाक फिरवत निघाले. सहाशे चाळीसला थांबले, मान वर केली, तर समोर आईची गल्ली.

"मुकादमबाई, ही तर तुमच्या..." भट्टीवाला म्हणाला.

"गप बस. परत मोज."

परत मोजलं. परत सहाशे चाळीस. मॅडम रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला सायकलपट्ट्याच्या कामात होती. तिला फोन लावला.

"चाक काय म्हणतंय?" तिनं विचारलं.

"सहाशे चाळीस."

"मग मारा की! वेळ कुठाय आपल्याकडे?"

चाक मी दोनदा फिरवलं, पण झाकणाकडे परत बघायला गेले नाही. आराखडा बदलला असेल, मला सांगायचं राहिलं असेल, असं मनाशी म्हणाले आणि दोरी ताणली, खडूनं आखलं, गरम रंग ओतला. माझा गुन्हा काय तो एवढाच. मुद्दाम केलं नाही, पण फार खोलात जाऊन बघितलंही नाही. माझ्या खडूच्या खुणेवर कठडा कापणाऱ्यांनी कठडाही कापला. सात वाजता सिग्नल उभा राहिला, आणि खरं सांगते, इतका देखणा झेब्रा मी जन्मात मारला नव्हता.

आठला मॅडम सायकलवरून आली. आराखड्याकडे बघितलं, झेब्र्याकडे बघितलं, पुन्हा आराखड्याकडे.

"मुकादमबाई, दुकानं कुठंयत?"

"तिकडं खाली."

"आणि झेब्रा?"

"इथं."

"तुमची आई कुठं राहते?"

मी नुसतं बोट केलं. आई खिडकीतच होती. तिनं चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे असं बघितलं, जणू वहीतली खाडाखोड सापडलीय. भट्टीवाला तेवढ्यात धावत झाकणं बघून आला. "फिरलीत! सगळी झाकणं फिरलीत! आपला ठिपका तिसऱ्याच भोकावर बसलाय!" तो एवढ्या जोरात ओरडला की दोन गल्ल्यांतल्या लोकांना आमची अब्रू कळली.

मॅडमनं कपाळाला हात लावला. ती माझ्यावर खेकसेल, रडेल, वर फोन करेल, काहीही करेल असं वाटलं. ती रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली, दोन्ही गल्ल्यांकडे बघितलं आणि परत आली.

"खरवडायचं मशीन बुधवारी नवाला येतंय. तोवर हा असाच राहणार, कठडाही कापून बसलोय आपण. ऐका. त्या दुकानांपुढे गर्दीच्या तासाला साठ माणसं ओलांडतील असं वर लिहून दिलंय. बुधवारी आठ ते नऊ इथं साठ झाली, तर मी हा झेब्रा सोडणार नाही, सहा सह्या मी आणते. एकोणसाठ झाली, तर खरवडायचं. आणि तुमच्याच हातांनी."

"चालेल," मी म्हणाले.

"तुमची माणसं आणि तुमचे नातेवाईक सोडून हं!"

वर गेले तर आई दारातच उभी. "तू केलंस?"

"झाकण चुकलं गं आई."

"म्हणजे चूक आहे. उभ्या आयुष्यात चुकीच्या उत्तराला मी अर्धा मार्क दिला नाही, आणि आता त्याच्यावरून चालत जाऊ? मंजूर झालं की सांग."

तेवढ्यात फोन वाजला. मावशी! आवाज खोलीभर. "ताई! अगं खाली बघ, खाली! ये ना लवकर!"

"मी येणार नाही."

"मग मी येते!"

"तूही यायचं नाहीस. तुझ्या भाचीच्या नोकरीचा प्रश्न आहे. लोक म्हणतील, घरच्यांसाठी मारला." आणि फोन ठेवून दिला. असला राग आला मला! अकरा वर्षं खिडकीतून हात हलवत बसल्यात, समोर बत्तीस पावलांची वाट उघडलीय, आणि या तत्त्वं घेऊन बसल्यात. मी म्हटलं, "अगं, बुधवारी खरवडला तर?" आई खिडकीशी जाऊन उभी राहिली आणि किती तरी वेळ खालच्या पट्ट्यांकडे बघत राहिली. तिलाही तो आकडा माहीत होता. गणित शिकवायची ती, तिनं माझ्याआधी मोजला असणार.

मावशी मात्र मावशी आहे. अर्ध्या तासात तिनं जिन्याखालची तिची जुनी सायकल बाहेर काढली आणि आपल्या बाजूच्या सायकलपट्ट्यावर वर-खाली फेऱ्या मारायला लागली. "ओलांडायला बंदी आहे, चालवायला नाही!" रस्त्यापलीकडून ओरडली आणि घंटी वाजवली. एकाहत्तर वर्षांची बाई! आईनं खिडकीचा पडदा ओढला, पण फटीतून बघत होती, मी पाहिलं ना.

सोमवारपासून मोजणी. मोजायला बसवले होते एक निवृत्त बस कंडक्टर. हातात टिकटिक करायचं यंत्र, घडीची खुर्ची, आणि सवय जाते थोडीच? "चला पुढे चला, मधे थांबू नका, दारात गर्दी करू नका!" लोकांना हसू फुटायचं. सोमवारी आठ ते नऊ चौतीस. मंगळवारी एकावन्न! काय माणसं यायला लागली म्हणता! शाळेची पोरं आईबापांच्या गाडीऐवजी पायी. रात्रपाळी संपवून दवाखान्यातून परतणाऱ्या नर्सबाई. एक गृहस्थ सहा वर्षं समोरच्या दातांच्या डॉक्टरकडे गाडी घेऊन जात होते. ते पहिल्यांदा चालत पलीकडे पोचले आणि घड्याळाकडे बघत तिथंच उभे राहिले. "एक मिनिट?" असं ते मला तीनदा म्हणाले. कोपऱ्यावरचा सायकल दुरुस्तीवाला तर हवेतच होता. दोन दिवसांत त्याच्याकडे इतक्या धूळ खाल्लेल्या सायकली आल्या की त्यानं त्या बाहेर फुटपाथवर ओळीनं लावल्या. एकावन्न म्हणजे आणखी नऊ. नऊ काय, सहज येतील! मंगळवारी मी घरी गेले ती गुणगुणतच.

बुधवारी साडेसातला पोचले. खरवडायचं मशीन लवकर येऊन रस्त्याकडेला घरघरत उभं होतं. आठ वाजले. कंडक्टर खुर्चीत बसले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. चार माणसं. सव्वाआठला नऊ.

"पोरं कुठंयत?" मी भट्टीवाल्याला विचारलं.

त्यानं माझ्याकडे बघितलं. "मुकादमबाई... आज शाळेला सुट्टी आहे. शिक्षकांचं शिबिर आहे म्हणे."

मंगळवारच्या एकावन्नात निम्मी तर शाळेची पोरं होती! मी स्वतःला शिव्या घातल्या, मॅडमला सांगायला गेले की सुट्टीचा दिवस धरू नका, तर तिचा चेहरा माझ्याहून पांढरा. "वरचे साहेब फोनवर आहेत. नऊचा आकडा मागितलाय. दिवस बदलता येणार नाही."

साडेआठ. सतरा. मी वर बघितलं. आईनं पडदा बाजूला केला होता. खिडकीच्या गजाला तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. माझ्यापेक्षाही जास्त तीच मोजत होती. पलीकडे मावशी सायकल हातात धरून उभी, आज फेऱ्या नाहीत, घंटी नाही. नर्सबाई आल्या, पाच. बावीस. मशीनवाला खाली उतरून हातमोजे चढवायला लागला. त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली मला, बिचाऱ्याचा काही दोष नव्हता तरी.

आणि मग घंट्या ऐकू आल्या.

आधी एक, मग चार, मग नुसता कल्ला. आमच्या बाजूच्या गल्ल्यांमधून पोरं निघाली होती. सुट्टी! शाळा नाही, पलीकडे मैदान, आणि जन्मात पहिल्यांदा तिथं सायकलवरून जायला कुणाच्या परवानगीची गरज नव्हती. दुरुस्त झालेल्या, रंग उडालेल्या, भावाच्या, बहिणीच्या, सीट उंच पडणाऱ्या सायकली, आणि मागून धापा टाकत त्यांचे बाप. एकाच्या खांद्यावर तर तीनचाकी सायकल आणि काखेत तिची मालकीण. सगळे सिग्नलपाशी गोळा झाले. एका चिमुरडीनं बटण दाबलं. हिरवा झाला आणि पाणी सोडल्यासारखी पोरं पलीकडे गेली.

"पुढे चला! पुढे चला! एकेक जण, अरे एकेक जण!" कंडक्टर खुर्चीवरून उठून उभे. टिक टिक टिक टिक. "एक्केचाळीस! अहो बाई, अंगठा दुखायला लागला! सेहेचाळीस!" पुढचा हिरवा. पुन्हा घोळका. दातांच्या डॉक्टरवाले गृहस्थ आज बायकोला घेऊन, काम काहीच नाही, नुसतं दाखवायला. सायकल दुरुस्तीवाला दुकान उघडं टाकून आलेला. "अठ्ठावन्न... साठ! एकसष्ट!" मी कंडक्टरांना मिठी मारली. ते म्हणाले, "बाई, मोजू द्या, मोजू द्या!" आणि मी भट्टीवाल्यालाही मिठी मारली. मॅडम जागच्या जागी उड्या मारत होती, तिच्या पॅन्टचा चिमटा उडून कुठं पडला तिलाही कळलं नाही. नऊ वाजता आकडा होता एकशे सात. माझ्या माणसांतलं आणि नातेवाइकांतलं एकही नाही. एकशे सात!

मॅडमनं आराखडा माझ्या पाठीवर ठेवला, सहाशे चाळीसवर काट मारली, एक हजार चाळीस लिहिलं आणि खाली जोरात सही केली. मशीनवाल्यानं हातमोजे काढले. तेवढ्यात सगळ्यांनी वाट करून दिली, कारण आई खाली आली होती. इस्त्रीची साडी, हातात पर्स, गुडघ्याला पट्टा.

"दाखवा," तिनं मॅडमपुढे हात केला. चष्मा लावून आराखडा वाचला. सगळा. "एकच सही आहे."

"बाकीच्या पाच मी आणते, काकू. संध्याकाळपर्यंत नाही मिळाल्या तर..."

आई ऐकत नव्हती. ती पलीकडे बघत होती. मावशी पट्ट्याच्या अगदी टोकाला उभी होती, सायकलीच्या हँडलला धरून, आणि बोटभरही पुढे येत नव्हती. ताईनं सांगितलं होतं ना, येऊ नकोस म्हणून. त्या बाईनं तीन दिवस तो शब्द पाळला होता.

"एक पुरे," आई म्हणाली.

मी हात पुढे केला, तर तिनं तो बाजूला सारला. हिरव्याची वाट बघितली आणि निघाली. पाऊल टाकायची, गुडघा सांभाळायची, पाऊल टाकायची. कठड्याच्या फटीपर्यंत पोचली तोवर दिवा लाल झाला. कंडक्टर पुढे झाले, हात वर करून गाड्यांसमोर उभे राहिले. कुणीही हॉर्न वाजवला नाही. उरलेल्या चारही रांगांतल्या गाड्या माझ्या आईसाठी थांबल्या होत्या. तिनं घाई केली नाही, त्या थांबल्या म्हणून आभारही मानले नाहीत. पलीकडे मावशीनं सायकल सोडून दिली, ती दाणकन आडवी पडली, आणि आईचे दोन्ही हात धरले.

काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. मावशी रडत होती एवढं दिसलं, आणि आई तिच्या कपाळावरचे केस मागे सारत होती. मग दोघी मिळून वाकल्या, सायकल उचलली, मधे धरली आणि मावशीच्या दाराकडे चालायला लागल्या. मी भट्टीच्या पायरीवर बसून ढसाढसा रडले. माझी सहाही माणसं दुसरीकडे बघत उभी राहिली. पलीकडच्या खिडकीत दिवा लागला, सकाळी सव्वानऊला, आणि आत दोन बायका इकडून तिकडे जाताना दिसल्या.